कोणास कोणतें लिनक्स मानवेल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नित्याची डागडुजी थांबविली, आणि तेव्हांपासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या हस्ताक्षरांत येऊं लागला आहे. घरांत आठ-दहा वर्षांचा संगणक आहे. तो धडधाकट आहे. परंतु विंडोज ११ त्यावर चढत नाहीं. कारण त्या प्रणालीस टी. पी. एम. २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्याच अलीकडील पिढीचा प्रोसेसर लागतो. घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीनें देऊं केली, पण मुदत म्हणजे कांहीं उत्तर नव्हे. दुकानदार सांगतो, नवा घ्या. कॉलेजांत जाणारे चिरंजीव सांगतात, लिनक्स घाला, फुकट आहे. आणि लिनक्स शोधावयास बसावें तों तें एक नसून शेंकडों निघतात! मग आमच्याकडे पत्र येतें : "यांतील सर्वांत उत्तम कोणतें, तेवढें कृपा करून कळवावें."

लिनक्सविषयींच्या पत्रांस पूर्वीं मी एका ओळींत उत्तर देत असें. आमच्याच घरांत २०२५ च्या श्रावणांत जें घडलें, त्यानंतर तें धैर्य मला उरलेलें नाहीं. म्हणून आज थोडें विस्तारानें लिहितों.

आधीं पूर्वपीठिका, ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनीं हा परिच्छेद ओलांडून पुढें जाण्यास हरकत नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला. संगणकाची सबंध प्रणाली अशी लिहावयाची कीं, तिचा मूळ मजकूर कोणासही वाचतां, बदलतां व दुसऱ्यास देतां यावा, हा त्याचा हेतु. यासच आपण मुक्तस्रोत म्हणूं. तिचे पुष्कळ भाग तयार झाले. परंतु सर्वांच्या तळाशीं राहून यंत्राशीं प्रत्यक्ष बोलणारा जो गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो कांहीं पुरा होईना. १९९१ सालीं हेलसिंकी विश्वविद्यालयांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हौसेखातर एक कर्नल लिहून लोकांपुढें ठेवला. तोच लिनक्स. पुढल्या वर्षीं त्यानें तो ग्नूच्या परवान्याखालीं आणला आणि दोहोंची सांगड बसली. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या पोटांत हाच कर्नल आहे, आणि जगांतील सर्वांत वेगवान् पांचशें महासंगणकांच्या यादींत २०१७ पासून लिनक्सवांचून दुसरें कांहीं नाहीं. तेव्हां, "फुकट मिळतें तें कच्चें असेल काय?" ही शंका आतां सोडून द्यावी.

परंतु कर्नल म्हणजे जेवण नव्हे. त्याच्या भोंवतीं हजारों कार्यक्रम जुळवून, तपासून, गांठोडें बांधून लोकांच्या हातीं द्यावें लागतें. या गांठोड्यास डिस्ट्रो म्हणतात. धान्य एकच, पण कोणी ताट वाढून पुढें ठेवतो, कोणी शिधा काढून देतो, कोणी कोठाराची किल्लीच हातावर ठेवतो. लिनक्स मिंट, उबुंटु, झोरिन हीं वाढलेलीं ताटें. बसलें कीं जेवावयास लागावें. १९९३ पासून चालत आलेलें डेबियन हा शिधा : निवडलेला, पाखडलेला, पण चूल आपली. २००२ सालीं निघालेलें आर्च म्हणजे कोठाराची किल्ली. काय घ्यावयाचें, किती घ्यावयाचें, कोणत्या क्रमानें शिजवावयाचें, हें सारें आपण ठरवावयाचें. आणि जेंटूची परंपरा तर जात्यापासूनची : मूळ मजकूर आणून कार्यक्रम आपल्याच यंत्रावर दळून घ्यावयाचे. मीं एकदां उन्हाळ्याच्या सुटींत हें दळण मांडलें होतें. तिसऱ्या दिवशीं दळण संपलें नव्हतें, सुटी मात्र संपली.

यांपैकीं कोणतेंही गांठोडें दुसऱ्याहून हीन नाहीं, हें प्रथम लक्षांत घ्यावें. कोणाच्या पानावर काय वाढलें, एवढाच प्रश्न असतो. आणि आमची चूक तेथेंच झाली.

आमचें घर सांगलीस आहे. एकत्र कुटुंब, माणसें अकरा आणि संगणक पांच. त्यांतला सर्वांत जुना माडीवर, तात्यांच्या खोलींत. तात्या म्हणजे माझे चुलते. वय एकोणऐशीं. शाळेंत इतिहास शिकवीत असत. पुढें त्यांनीं घराण्याच्या कुलवृत्तान्ताचें काम हातीं घेतलें, त्यास आतां अकरा वर्षें होतात. कोंकणांतील मूळ गांवची शाखा, देशावरची शाखा, बडोद्याची, इंदूरची. पत्रें, जुन्या कागदांच्या नकला, लग्नमुंजींच्या पत्रिका, मृत्यूंच्या तिथि. सर्व त्या यंत्रांत. डाव्या डोळ्यास काचबिंदू झालेला, उजव्यानें सकाळचे दोन तास काय तें नीट वाचवतें. नऊ ते अकरा तात्या लिहावयास बसले म्हणजे जिन्यावर कोणी पाय वाजवीत नाहीं.

२०२४ च्या दिवाळींत माझ्या धाकट्या भावाच्या मुलानें तें मंदावलेलें यंत्र पाहिलें. तो तेव्हां अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास होता. स्वतःच्या लॅपटॉपवर तो कोठाराच्या किल्लीचें एक लिनक्स वापरतो. नांव देत नाहीं, कारण दोष त्या लिनक्सचा नव्हे. एका रात्रींत त्यानें तेंच तात्यांच्या यंत्रावर बसविलें. काम खरोखर देखणें झालें होतें. यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू होऊं लागलें, अक्षरें मोठीं, पडद्यावर चारच चिन्हें : लिहिणें, पत्रें, फोटो, आणि चौथें अपडेट. "आजोबा, हें चौथें महिन्यांतून एकदां दाबावयाचें. बाकी कशाला हात लावूं नका." तात्या प्रसन्न. घरचे प्रसन्न. मीं तर या सदरांत पुतण्याची फुशारकी मारावयाचेंही योजून ठेवलें होतें.

जूनमध्यें त्यास बंगळुरास नोकरी लागली. इकडे तात्यांना चौथें चिन्ह दाबावयाची तीन-चार महिने आठवण राहिली नाहीं, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशीं ती झाली. इतक्या महिन्यांची बाकी एकदम उतरूं लागली; अर्ध्या तासानें वीज गेली. माडीवरच्या खोलीस इन्व्हर्टरची तार नाहीं. वीज आल्यावर यंत्र सुरू केलें तों काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. कर्नल सांपडत नाहीं.

येथें थोडी तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळें मर्म तींत आहे. उबुंटु, मिंट, डेबियन, फेडोरा या प्रणाली नवा कर्नल आणतांना जुना लगेच टाकून देत नाहींत. नव्यानें दगा दिला तर यंत्र सुरू होतांना येणाऱ्या यादींतून जुना निवडावा, आणि काम चालूं ठेवावें. ज्या प्रणाली सर्व कांहीं मालकाच्या निवडीवर सोडतात, त्यांपैकीं कांहींत नवा येतो तो जुन्याच्या जागींच बसतो. त्या क्षणीं वीज गेली तर जुना गेलेला असतो आणि नवा पुरता आलेला नसतो. जाणता मनुष्य म्हणून दुसरा एक कर्नल शेजारीं बसवून ठेवतो. पुतण्यानें तसें केलें नव्हतें. स्वतःच्या यंत्रावर त्यास त्याची कधीं गरज पडली नव्हती, कारण बिघडलेलें तो दहा मिनिटांत नीट करी.

रात्रीं त्यास फोन लावला. "काका, अगदीं सोपें आहे," तो म्हणाला, "पेनड्राइव्हवरून यंत्र चालूं करा, डिस्क जोडा, आंत शिरा आणि कर्नल पुन्हां बसवा. मी आज्ञा लिहून पाठवतों." त्यानें पाठविल्या. सात ओळी होत्या. चौथ्या ओळीस यंत्रानें मला एक प्रश्न विचारला, त्याचें उत्तर 'होय' द्यावें कीं 'नाहीं', हें मला कळेना. बारा वर्षें लोकांना संगणकाविषयीं सल्ला देणारा मी, हात आंखडून बसलों. उलट पडलें तर अकरा वर्षांचें काम जाईल या भीतीनें मीं यंत्र बंद केलें आणि ठरविलें कीं, गणपतीस मुलगा येईलच, तोंवर थांबावें.

तात्यांस सांगावयास माडीवर गेलों. ते खुर्चींत बसून होते.

"अरे, माझा वृत्तान्त आहे ना आंत?"

"आहे, तात्या. सगळा आहे. नुसतें दार उघडत नाहीं."

थोड्या वेळानें म्हणाले, "दार मीच लावलें ना?"

मीं नाहीं म्हटलें, समजावून सांगितलें, कर्नलची सगळी कथा सांगितली. त्यांनीं ऐकून घेतली. पटली असें मला वाटलें नाहीं.

इंदूरच्या शाखेंत त्यांच्या एक आत्या होत्या. वय ब्याण्णव, त्या पिढीच्या त्या एकट्याच उरलेल्या. त्यांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी तात्या उन्हाळ्यापासून करीत होते : कोण कोणाकडे दत्तक गेला, कोणत्या सुनेचें माहेर कोठलें, बालपणीं गेलेल्या मुलांचीं नांवें काय होतीं. चाळीसांवर प्रश्न झाले होते. वृत्तान्ताची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, ती मार्चची, यादी त्यानंतरची. ती हातीं आली कीं निवांतपणें फोन करूं, असें त्यांनीं ठरविलें होतें. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं इंदूरहून निरोप आला कीं आत्याबाई गेल्या. तात्या त्यावर कांहीं बोलले नाहींत; स्नान करून आपल्या खोलींत गेले.

दोनच दिवसांनीं पुतण्या आला आणि पंचवीस मिनिटांत यंत्र सुरू झालें. यादी जेथल्या तेथें होती.

मला आजवर बोचतें तें पुढें कळलेलें. यंत्र दुरुस्त करणें आणि यंत्रांतील फाइल बाहेर काढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिंट किंवा उबुंटु पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच यंत्र चालूं केलें, तर आंतल्या डिस्कला कांहींही न करतां तिच्यावरच्या फाइली कपाट उघडावें तशा दिसतात. डिस्कला कुलूप घातलेलें नसलें म्हणजे झालें. हव्या त्या उचलून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवाव्या. एकही आज्ञा टंकावी लागत नाहीं. असा पेनड्राइव्ह माझ्या खणांत पडलेला होता. मी सात ओळींच्या मागें लागलों, आणि हें मला सुचलें नाहीं.

पुतण्याच्या मतें प्रकरण तेथें संपलें. "आतां दुसरा कर्नलही बसवून ठेवला आहे," तो म्हणाला. वहिनी दारांत उभ्या होत्या. आमच्या घरच्या व्यवसायाचे हिशेब त्या वीस वर्षें ठेवतात. त्यांनीं विचारलें, "आणि पुढच्या वेळीं निराळेंच कांहीं झालें म्हणजे? तूं बंगळुराहून येणार कीं तुझे काका पुन्हां गणपतीची वाट पाहणार?"

मला वाटतें, "कोणतें लिनक्स उत्तम?" या प्रश्नाचें खरें रूप वहिनींच्या या प्रश्नांत आहे. आपण अनुभव मोजतों तो बसविणाऱ्याचा. बसविण्याचें काम एका रात्रीचें असतें. वापरणें रोजचें, आणि बिघडणें हें बसविणारा घरीं नसतांनाच व्हावयाचें. म्हणून यंत्रापाशीं जो राहणार त्याचा अनुभव पाहावा, आणि त्याच्या हांकेसरशीं जिना चढून येणारा जो कोणी असेल त्याचा. अनुभव म्हणजे किती वर्षें संगणक वापरला तेंही नव्हे. तात्या पंधरा वर्षें वापरतात. पडद्यावर अनोळखी ओळ आली असतां मनुष्य काय करतो, यावरून तो कळतो. कोणी ती ओळ वाचतो आणि शोध घेतो. कोणी फोटो काढून मुलास पाठवितो. कोणी यंत्र बंद करून देवापुढें उदबत्ती लावतो. तिघांसही लिनक्स वापरतां येतें. पण तिघांसाठीं एकच लिनक्स नव्हे.

गणपतींतच आम्हीं घरच्या पांचही यंत्रांची फेरतपासणी केली. तात्यांच्या यंत्रावर लिनक्स मिंट बसविलें, आणि त्यांतही एक्सएफसीई नांवाचा हलका प्रकार. मिंट २००६ सालीं निघालें. तें उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभें असतें. बाविसाव्या आवृत्तीची डागडुजी २०२९ पर्यंत चालावयाची आहे, म्हणजे तोंवर कोणी पायाखालची जमीन हलविणार नाहीं. पडद्याची मांडणी जुन्या विंडोजसारखी, खालीं पट्टी आणि कोपऱ्यांत यादी, त्यामुळें हातास नवें वळण लावावें लागत नाहीं. जुना कर्नल यादींत शिल्लक असतो. शिवाय टाइमशिफ्ट नांवाची एक सोय आहे : आज प्रणाली जशी आहे तिचें चित्र काढून ठेवावें, उद्यां बिघडली तर आजच्या रूपांत परत न्यावी. हें काम वहिनी करतात. त्यांना तें एकदांच दाखवावें लागलें. मात्र टाइमशिफ्ट ही प्रणालीची प्रत आहे, आपल्या लिखाणाची नव्हे; लिखाणाची प्रत निराळी ठेवावी लागते, आणि तीही एक नव्हे, दोन.

वहिनींच्या यंत्रावर मीं लिनक्स घातलें नाहीं. त्या टॅलीवर काम करतात, आणि टॅली विंडोजसाठीं लिहिलेली आहे. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालविण्याची वाइन नांवाची युक्ति आहे, तिनें पुष्कळ कांहीं चालतें; पण महिन्याच्या वीस तारखेस जी. एस. टी. चें विवरणपत्र भरावयाचें असतां पुष्कळ चालून भागत नाहीं, सगळें चालावें लागतें. मुक्तस्रोताचा मी अभिमानी आहें. तथापि त्या अभिमानाचा खर्च वहिनींच्या खात्यांत लिहिणें मला बरें वाटलें नाहीं.

माझ्या स्वतःच्या यंत्रावर डेबियन आहे. तें सुमारें दोन वर्षांनीं नवी आवृत्ति काढतें; तेरावी ऑगस्ट २०२५ मध्यें आली. नव्याची घाई नाहीं, पण जें दिलें तें तावून सुलाखून. ज्यांस रोजचें काम येतें, अधूनमधून एखादी आज्ञा टंकावयास भीति वाटत नाहीं, आणि दर आठवड्यास नवल नको असतें, अशा मध्यम अनुभवाच्या मनुष्यास तें मानवतें. एक सूचना : फार जुन्या बत्तीस-बिटी यंत्रांवर तेरावी आवृत्ति बसवितां येत नाहीं. असें यंत्र असलें तर त्यावर खर्च करण्यापूर्वीं विचार करावा.

माझी पुतणी अकरावींत आहे आणि तिला पुढें हेंच शिकावयाचें आहे. तिच्या लॅपटॉपवर फेडोरा दिलें. तें सुमारें सहा महिन्यांनीं नवें निघतें आणि प्रत्येक आवृत्ति तेरा महिन्यांच्या आसपास सांभाळली जाते. म्हणजे वर्षांतून एकदां तरी तिला स्वतः घर बदलावें लागेल. शिकणाऱ्यास ती अडचण नसून सोय आहे. आणि पुतण्या? तो आपलें लिनक्स वापरतो आहे आणि त्यानें तेंच वापरावें. सारें स्वतः जुळवल्यामुळें यंत्राच्या आंत काय चालतें हें त्यास जितकें कळतें तितकें मला कळत नाहीं. आर्चच्या लोकांनीं लिहिलेलें माहितीचें भांडार इतकें चांगलें आहे कीं, दुसरें लिनक्स वापरणारेही अडले म्हणजे तेथें जातात. माझी तक्रार कोठाराविषयीं नाहीं. किल्ली कोणाच्या कनवटीस लावली याविषयीं होती, आणि ती लावण्यांत मीही होतों.

या पत्रांत एका भगिनीचें पत्र आहे, त्याचें उत्तर येथेंच देतों. त्या लिहितात, यजमान फिरतीवर, मुलगा परदेशीं, सासूबाईंचें पेन्शनचें आणि बँकेचें काम त्याच पाहतात, "पण मला कांहींच अनुभव नाहीं." बाई, तुम्हांला जो अनुभव आहे तोच उपयोगाचा. तुमचें काम ब्राउझरमध्यें चालतें, आणि फायरफॉक्स विंडोजवर असतो तसाच लिनक्सवर असतो. तुम्हीं मिंट घ्यावें. मुलगा आणखी कांहीं चमत्कारिक सुचवील, तर त्यास इतकेंच विचारावें कीं, तूं झोपलेला असतांना येथें बिघडलें तर मीं काय करावयाचें? याचें उत्तर त्यास दोन वाक्यांत देतां आलें तर त्याचें ऐकावें.

घेण्यापूर्वीं चाखून पाहतां येतें, ही या प्रणालींची मोठी सोय आहे, आणि पुष्कळांस ती ठाऊकच नसते. आठ जी. बी. चा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल तीन जी. बी. च्या आसपास असते. रूफस किंवा एचर या कार्यक्रमानें ती पेनड्राइव्हवर उतरवावी (पेनड्राइव्हवरचें जुनें सर्व जातें, हें विसरूं नये) आणि यंत्र त्यावरून चालूं करावें. डिस्कला हात लागत नाहीं. मग दोन दिवस घरचीं सर्व कामें त्यावर करून पाहावीं : वायफाय लागतें काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, आणि मुख्यतः प्रिंटर छापतो काय. एच. पी. च्या बहुतेक प्रिंटरांची सोय लिनक्सवर चांगली आहे. पण कांहीं स्वस्त लेझर प्रिंटर हटवादी असतात, तेव्हां आधीं छापून पाहावें, मग निर्णय घ्यावा. मिंटला दोन जी. बी. मेमरी किमान लागते, चार असली तर बरी. पसंत पडल्यावर बसवितांना एक पडदा येतो, त्यावर "सबंध डिस्क पुसून बसवावें काय?" अशा अर्थाचा पर्याय असतो. त्या पडद्यावर हात थांबवावा, प्रती दोन्ही ठिकाणीं आहेत हें डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच पुढें जावें. आणि हें काम सणाच्या आदल्या दिवशीं किंवा परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेस काढूं नये.

मराठीची चिंता पूर्वींइतकी नाहीं. रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं लोहित नांवाचे भारतीय लिपींचे फाँट मुक्त परवान्याखालीं दिले. आतां देवनागरी अक्षरें कोणत्याही मोठ्या लिनक्सवर जात्याच दिसतात, आणि कळफलकाच्या यादींत मराठीसाठीं इन्स्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे दोन्ही प्रकार असतात. प्रणालीची भाषाही मराठी करतां येते. भाषांतर सर्वत्र पुरें नसल्यानें मध्येंच इंग्रजी शब्द डोकावतात इतकेंच. खरी अडचण निराळी आहे, आणि ती जुन्या घरांत हमखास निघते. पंधरा-वीस वर्षांपूर्वींचें पुष्कळ मराठी लिखाण युनिकोड येण्यापूर्वींच्या फाँटांत आहे. त्यांत 'क' म्हणून जें दिसतें तें यंत्राच्या लेखीं एखादें इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतें. तो फाँट नसला कीं सगळा मजकूर अगम्य खुणांचा होतो. फाइल बिघडली असें समजून ती टाकून देऊं नये. अशा फाँटांचें युनिकोडांत रूपांतर करणारे कार्यक्रम आहेत. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरें आणि रफार डोळ्यांनीं तपासावे लागतात. तात्यांच्या वृत्तान्ताचीं पहिलीं तीन प्रकरणें अशाच फाँटांत निघालीं. वहिनी आणि पुतणी मिळून तीं उतरवीत आहेत. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर चार पानें होतात.

तात्या स्वतः मात्र पुन्हां यंत्रापाशीं बसलेले नाहींत. मिंट बसविल्यावर मीं त्यांना खुर्चीं देऊन बसविलें, सर्व दाखविलें. त्यांनीं दोन ओळी टंकल्या आणि, "चांगलें आहे," म्हणून उठले. नऊ ते अकरा ते आतां वहींत लिहितात. अक्षर अजून शाळामास्तरांचें आहे. दुपारीं वही वहिनींकडे येते. कोंकणची शाखा पुरी झाली, बडोद्याची होत आली आहे. इंदूरच्या शाखेच्या पानांत कांहीं जागा कोऱ्या ठेविल्या आहेत, त्यांच्यापुढें तात्यांनीं यादींतील प्रश्नांचे क्रमांक घातले आहेत.